एका प्रतीचे दैनिक

अमळनेरला एके काळी एक दैनिक निघत असे आणि त्याची प्रत निघे एकच. छापखाना नाही, बातमीदार नाहीत, जाहिराती नाहीत, वर्गणीचा तर प्रश्नच नाही. संपादक, लेखक आणि लेखनिक हा सगळा कारभार एकाच माणसाकडे होता. हा माणूस दिवसभर शाळेत शिकवी, संध्याकाळी वसतिगृहातल्या पोरांचे हवे-नको बघे आणि सगळीकडे सामसूम झाली की लिहायला बसे. सकाळी मुले उठत तेव्हा अंक तयार असे. दैनिकाचे नाव ‘छात्रालय दैनिक’ आणि संपादकांचे नाव पांडुरंग सदाशिव साने.

अवघा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखतो. पण ओळखतो म्हणजे काय, तर ‘श्यामची आई’ ओळखतो. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि आमच्या आधीच्या पिढीने थिएटरात रुमाल भिजवले. तेव्हापासून गुरुजी म्हटले की डोळ्यांत पाणी हे समीकरण कायमचे बसले. ही प्रतिमा खोटी नाही, पण ती इतकी मोठी झाली की तिच्या मागे उभा असलेला मास्तर दिसेनासा झाला. मला कुतूहल आहे ते या मास्तराचे. त्याची नोकरी झाली जेमतेम सहा वर्षांची, जून १९२४ ते एप्रिल १९३०. माझ्यासारख्या बँकवाल्याच्या हिशेबाने ही सेवा ग्रॅच्युइटीला पात्र, पेन्शनला नाही. एवढ्याशा सेवेत एका मास्तराने खेड्यापाड्यांतल्या मुलांना असे काय दिले, की ती मुले म्हातारपणीही त्यांच्याबद्दल बोलताना सावरून बसत?

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. घराणे खोतांचे. वैभव आजोबांच्या काळात होते, गुरुजींच्या वाट्याला त्याच्या आठवणी आणि कर्ज आले. घराची जप्ती, आईचा अपमान, दुसऱ्याच्या दारचे जेवण हे सगळे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. शिक्षणासाठी दापोली, मग गरीब मुलांना सवलत मिळते म्हणून पार औंध संस्थान, तिथे उपासमार आणि प्लेग, मग पुण्याचे नूतन मराठी विद्यालय. १९१७ साली आई, यशोदाबाई, गेली तेव्हा मुलगा जवळ नव्हता. ही खंत त्यांच्या लेखनात शेवटपर्यंत झिरपत राहिली.

आईने त्यांना पोहायला कसे लावले ती हकिगत बहुतेक वाचकांना पाठ असेल. पाण्याला भिऊन लपून बसलेल्या पोराला तिने शिमटीने मारून विहिरीवर पाठवले, कारण आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणावे हे तिला सोसणारे नव्हते. पोर पोहायला शिकून आले. गुरुजींनी ही गोष्ट आईच्या मोठेपणाची म्हणून सांगितली. स्वतः मास्तर झाल्यावर मात्र त्यांनी शिमटी हातात घेतली नाही. भीती घालवायची त्यांची रीत अगदी निराळी होती आणि ती त्यांना अमळनेरला सापडली.

बोरी नदीच्या काठचे अमळनेर तेव्हा दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते, सखाराम महाराजांची समाधी आणि श्रीमंत प्रतापशेठांची गिरणी. या शेटजींना आणखी एक नाद होता, तत्त्वज्ञानाचा. त्यांनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढले. देशभरातून हुशार पदवीधर तिथे येत, राहून अभ्यास करत. पुण्याहून बी.ए. झालेले साने त्यातलेच एक. ते तत्त्वज्ञानात रमले असते तर आज एखाद्या जुन्या ग्रंथालयात त्यांचा वेदान्तावरचा ग्रंथ धूळ खात पडला असता. पण समोरच्या शाळकरी पोरांनी त्यांना ओढून घेतले. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत, म्हणजे नंतरच्या प्रताप हायस्कुलात, ते मास्तर झाले आणि पुढे छात्रालयाचीही जबाबदारी त्यांच्याकडे आली.

छात्रालयातली मुले कुठली, तर खानदेशच्या खेड्यांतली. हे नुसते सांगून भागणार नाही, म्हणून थोडे आमच्याकडचे सांगतो. नामपूर नाशिक जिल्ह्यात, बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या काठी. अमळनेरला जायचे तर मालेगाव आणि धुळे ओलांडून जावे लागते, जिल्हाही वेगळा. पण बोली एकच, अहिराणी. घरात ‘माले’ आणि ‘तुले’ म्हणणारे पोर शाळेत आले की त्याला ‘मला’ आणि ‘तुला’ म्हणावे लागते. एकदा चुकून ‘माले’ निघून गेले आणि वर्ग हसला की ते पोर पुढे वर्षभर हात वर करीत नाही. येत असलेले उत्तरही ते देत नाही. आमच्या बाजारपेठेत कांद्याचा भाव तोंडावर सांगणारी, वजनातली लबाडी चटकन पकडणारी पोरे फळ्यासमोर उभी राहिली की मुकी होतात, हे मी उभ्या आयुष्यात पाहत आलो आहे. १९२४ च्या अमळनेरात तर याच्या जोडीला इंग्रजीही होती. मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठाची आणि वरच्या वर्गांत बरेचसे विषय इंग्रजीतून. म्हणजे घरची बोली, पुस्तकातली मराठी आणि परीक्षेची इंग्रजी असे तीन उंबरठे. घरापासून दूर, परक्या गावात ते ओलांडताना पोराला स्वतःविषयी काय वाटत असेल!

अशा पोरांना आत्मविश्वास द्यायचा म्हणजे हल्ली आपण काय करतो? एखादा वक्ता बोलावतो. तो ‘तू करू शकतोस’ असे मोठ्या आवाजात सांगतो, मुले टाळ्या वाजवतात आणि सोमवारी पुन्हा मान खाली घालून बसतात. साने मास्तरांनी व्याख्यान दिले नाही. त्यांनी आधी खोल्या झाडल्या. मुले शाळेत गेली की हे पसरलेली अंथरुणे गुंडाळत, मळलेले कपडे धूत, घासायची राहिलेली भांडी घासत. बोलून दाखवत नसत. मुलांना काही दिवसांनी उमगे की हे कोण करते, आणि मग ती ओशाळून आपली कामे आपण करू लागत. कुणी आजारी पडले की रात्रभर उशाशी बसत. हे सगळे प्रसिद्ध आहे, चरित्रांत वारंवार येते आणि बहुतेक चरित्रकार इथेच थांबून हात जोडतात. पण या सेवेने मुलाला आई भेटली असेल. विचार करायला लावणारी गोष्ट दुसरीच होती, ते दैनिक.

त्या दैनिकात काय असे? जगातल्या घडामोडी, देशातली चळवळ, थोर माणसांच्या छोट्या हकिगती, निसर्गाची वर्णने, कविता. आणि या सगळ्याच्या शेजारी छात्रालयातल्या गोष्टी. कुणी काय चांगले केले, कुठे काय बिघडले, कुणाचे काय चुकले. कादंबऱ्या लिहिणारा म्हणून मला या शेजाराचे महत्त्व फार वाटते. ज्या पानावर मोठ्या जगाची बातमी आहे त्याच पानावर आपल्या खोलीची बातमी आहे, हे एखाद्या तेरा वर्षांच्या मुलाने सकाळी डोळे चोळत वाचले तर त्याच्या मनात काय होईल? आपण जगतो तेही लिहिण्यासारखे असते, ही गोष्ट त्याला कुणी न सांगता कळेल. आपल्यावर कुणाची तरी नजर आहे, ती पहारेकऱ्याची नसून लेखकाची आहे, हेही कळेल. आणि लेखकाची नजर अंगावर पडली की माणूस स्वतःकडे जरा वेगळ्या डोळ्यांनी बघू लागतो. काल आपण विहिरीवर काय केले, त्यात सांगण्यासारखे काय होते, दुसऱ्या कुणी असते तर काय केले असते, असे प्रश्न त्याला पडू लागतात. ज्याला आज सर्जनशील विचार असे भारदस्त नाव आहे त्याची सुरुवात याहून वेगळी काय असते?

दुसरी गोष्ट रोजच्या नेमाची. बँकेत आम्ही रोजकीर्द लिहायचो. मोठे व्यवहार असोत की किरकोळ, त्या दिवशीचे त्या दिवशी उतरवायचे, उद्यावर टाकायचे नाही. छात्रालय दैनिक ही पोरांच्या मनाची रोजकीर्द होती. वर्षातून एकदा शाळेचा वार्षिक अंक निघतो तेव्हा त्यात हुशार आणि सुवाच्य अक्षराच्या चार मुलांची वर्णी लागते, बाकीची त्यात आपले नाव शोधतात आणि गप्प राहतात. रोज निघणाऱ्या अंकात असे होऊ शकत नाही. रोज लिहायचे तर चार हुशार मुले पुरत नाहीत. आज ना उद्या शेवटच्या बाकावरच्या पोराकडेही लेखकाला वळावेच लागते.

योगायोग पाहा. नेमक्या त्याच सुमारास, १९२४ मध्ये, फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या बार-स्युर-लू नावाच्या डोंगरी गावात सेलेस्टॅं फ्रेने हा तरुण शिक्षक आपल्या वर्गात छोटे छपाई यंत्र घेऊन आला. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला गोळी लागली होती, फार वेळ बोलणे त्याला झेपत नसे. त्याने मुलांनाच गावातले, शेतातले, घरातले अनुभव लिहायला लावले, खिळे जुळवून छापायला लावले आणि ते छापील कागद दूरच्या शाळांना पाठवले. तिकडून उत्तरे येऊ लागली. आज जगभर शिक्षणशास्त्राच्या वर्गात फ्रेनेचे नाव घेतात. साने मास्तरांना त्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते आणि त्याला यांची. दोघांनाही खेड्यातली दबलेली मुले समोर दिसत होती आणि दोघांनाही एकच गोष्ट सुचली, की पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून मुलाचे रोजचे जगणे कागदावर आणावे.

फरकही मोठा होता आणि तो झाकण्यात अर्थ नाही. फ्रेनेच्या वर्गात लेखणी मुलांच्या हाती होती, अमळनेरात ती मास्तरांच्या हाती होती. गुरुजींचा स्वभाव ओतून देण्याचा, मागे सरून वाट पाहण्याचा नव्हे. त्यांच्या लेखनात उपदेश येतो, भावना काठोकाठ भरते, कधी कधी सांडतेही. मुलांनी त्यांच्यासारखेच वाटून घ्यावे असा नकळत आग्रह त्यात असतो. आजच्या एखाद्या चिकित्सक शिक्षिकेने हे दैनिक पाहिले तर ती म्हणेल, की यात मुलांचे स्वतःचे लेखन कुठे आहे? तिचे म्हणणे मला पटेल. तरीही मी म्हणेन, की ज्याला स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही अशा पोराला आधी कुणीतरी त्याच्याबद्दल लिहिलेले वाचायला मिळावे लागते. पुढे गुरुजींनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही चालवले. दैनिकाचे वाचक छात्रालयापुरते होते, मासिकाने ते वेस ओलांडून बाहेर नेले.

हे मला इतके का वाटते त्याला माझ्या नोकरीचे कारण आहे. कर्जविभागात असताना शैक्षणिक कर्ज मागायला येणारी मुले मी शेकड्यांनी पाहिली. मार्क उत्तम, कागदपत्रे चोख, सोबत वडील. मी विचारायचो, हाच अभ्यासक्रम का? मुलगा वडिलांकडे बघायचा, वडील माझ्याकडे. उत्तर येत नसे असे नाही, पाठ केलेले उत्तर येई. स्वतःच्या आयुष्याविषयी दोन वाक्ये आपली आपण जुळवायची सवय त्या मुलांना बारा वर्षांच्या शाळेत कुणी लावलीच नव्हती. एकदा एका मुलीने मात्र सांगितले, की तिच्या आजीला दवाखान्यात नेताना वाटेत काय काय झाले आणि म्हणून तिला परिचारिका व्हायचे आहे. तिने ते अर्ध्या अहिराणीत सांगितले. समोरच्या खुर्चीवर ती जेवढी ताठ बसली होती तेवढे ताठ मी नव्वद टक्केवाल्यांनाही बसलेले पाहिले नाही.

एप्रिल १९३० च्या अखेरीस गुरुजींनी शाळा सोडली आणि ते मिठाच्या सत्याग्रहात उतरले. इथून त्यांची शाळा तुरुंगात भरू लागली असे म्हटले तरी चालेल. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतले कैदी भेटले तर हे तमिळ शिकायला बसले. आपणच एकमेकांच्या भाषा जाणत नाही ही टोचणी तिथली, आणि तीतूनच पुढे ‘आंतरभारती’ची कल्पना आली. १९३२ च्या फेब्रुवारी ते जून या महिन्यांत धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी अठरा रविवार गीतेवर प्रवचने केली. ती बोलता बोलता लिहून घेतली ती साने गुरुजींनी. ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहेत ती त्या लेखणीमुळे. रोज रात्री दैनिक लिहून तयार झालेला हात होता तो!

आणि मग नाशिकचा तुरुंग. फेब्रुवारी १९३३ मध्ये तिथे अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’चा मोठा भाग लिहून काढला. पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. आमच्या जिल्ह्याला या पुस्तकाचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण या पुस्तकाची बांधणी पाहा. एक माणूस रोज रात्री भोवती जमलेल्यांना एक आठवण सांगतो. रोज एक. ऐकणारे प्रश्न विचारतात, हळवे होतात, उद्याची वाट पाहतात. छात्रालय दैनिकाचाच हा दुसरा अवतार आहे असे मला वाटते. फरक एवढाच, की तिथे मुलांचे दिवस लिहिले जात होते, इथे त्यांनी स्वतःचे लिहिले.

गुरुजींनी नंतर अफाट लिहिले. सगळेच उत्तम नाही. पण दोन कामे मला त्यांच्या मास्तरकीच्या वंशातली वाटतात. एक म्हणजे ‘स्त्रीजीवन’. खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी गोळा केल्या, विषयवार लावल्या आणि त्यांवर लिहिले. निरक्षर बाईने पहाटे दळता दळता जे रचले ते वाङ्मय आहे, हे त्यांनी पंडितांशी वाद न घालता नुसते छापून दाखवले. दुसरे म्हणजे परदेशी कादंबऱ्यांची मुलांसाठी केलेली रूपांतरे. जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’चा ‘मनूबाबा’ झाला आणि इंग्रज खेड्यातला एकलकोंडा विणकर आमच्याकडच्या पोरांना आपल्याच गल्लीतला वाटू लागला.

मधली वर्षे धावपळीची. १९३६ चे फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन, १९३८ साली अमळनेरहून काढलेले ‘काँग्रेस’ साप्ताहिक, शेतकऱ्यांचे आणि गिरणी कामगारांचे लढे, बेचाळीसची भूमिगत चळवळ, पुन्हा तुरुंग. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. बडव्यांसमोर, सनातन्यांसमोर, आणि उपोषण नको म्हणणाऱ्या आपल्याच वडीलधाऱ्यांसमोर ते ढळले नाहीत. पालगडच्या विहिरीपाशी भिऊन लपलेला मुलगा तो हाच, हे लक्षात ठेवावे.

आता एका अवघड जागी यावे लागते. शेकडो मुलांना ज्याने उभे केले, त्याला स्वतःला मात्र आपण कमी पडतो, आपल्या हातून काही झाले नाही असे सतत वाटत असे. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या एका महाराष्ट्रीयाने केली तेव्हा त्यांनी ते पाप आपले मानून एकवीस दिवसांचा उपवास केला. स्वातंत्र्यानंतर जे दिसू लागले त्याने ते खचत गेले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. वय पन्नास. घरातल्या मुलांसमोर आपण हे वाक्य गाळतो किंवा घाईने पुढे जातो. मला तसे करू नये असे वाटते. दुसऱ्याला धीर देणारा माणूस आतून भक्कमच असतो हा आपला भाबडा समज आहे. शिक्षक, डॉक्टर, घरातली आई, सगळ्यांना सांभाळणारा थोरला भाऊ, यांनाही कुणीतरी विचारायला हवे असते. अमळनेरात मुलांची रोजची विचारपूस करणारे एक दैनिक होते. गुरुजींची रोजकीर्द लिहिणारे कुणी नव्हते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, सत्त्याण्णवावे. संमेलनाच्या नगरीला साने गुरुजींचेच नाव होते. अशा ठिकाणी बोलताना ‘श्यामची आई’वर थांबण्याचा मोह मोठा असतो.

मला अधिक ओढ वाटते ती त्यांच्या अखेरच्या काळातल्या लेखनाची. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. पुन्हा एक नियतकालिक, पुन्हा ठरल्या दिवशी अंक. त्यात ते आपल्या पुतणीला, सुधाला, पत्रे लिहीत. पाऊस, पाखरे, कोकणातली झाडे, मध्येच देशातली एखादी घटना, मध्येच वाचलेले पुस्तक. ‘सुंदर पत्रे’ या नावाने ती पुस्तकरूपात आली. मन खचत होते त्या दिवसांतली ही पत्रे आहेत, आणि तरी एका मुलीला आज आपण काय पाहिले हे सांगण्याचा त्यांचा उत्साह कुठे आटलेला दिसत नाही. घरात दहा-बारा वर्षांचे मूल असेल तर एखाद्या रविवारी त्यातले एक पत्र त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. मग ते काय म्हणते ते ऐका, अहिराणीत म्हणाले तरी.